एकाची लायब्ररी, दुसऱ्याचा कंपायलर

वाचकांचे प्रश्न : संगणक

गेल्या दोन महिन्यांत गोव्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा विषय एकच आहे. एका कंपायलरने (लिहिलेल्या कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) तयार केलेली लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, दुसऱ्या कंपायलरने तयार केलेल्या प्रोग्रामला जोडताना, मुख्यतः विंडोजवर, येणाऱ्या अडचणींबद्दल ती आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण पुढच्या पत्रांतील बरेचसे त्यावरच उभे आहे.

प्रश्न : आम्ही चौघी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. भरती-ओहोटीच्या वेळा काढून त्या मच्छीमारांना सहज वाचता येतील अशा दाखवणे हा आमचा प्रकल्प आहे. गणिताचा भाग मी सी++ मध्ये लिहिला आणि मिंगडब्ल्यूच्या, म्हणजे विंडोजवर चालणाऱ्या, जीसीसी कंपायलरने त्याची लायब्ररी केली. पडद्यावर दिसणारा भाग मैत्रिणीने व्हिज्युअल स्टुडिओत केला आहे. दोन्ही एकत्र करताना लिंकर (तुकडे जोडणारा प्रोग्राम) एलएनके २०१९ ही चूक दाखवतो आणि माझी फंक्शने सापडत नाहीत असे म्हणतो. लायब्ररीच्या ‘.ए’ फाइलचे नाव बदलून ‘.लिब’ केले, तरी फरक पडला नाही. दोन्हीकडे सी++ च आहे, मग अडते कुठे? (एक विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : मूळ कोड तुमच्याच हाती आहे. तेव्हा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तो कोड व्हिज्युअल स्टुडिओत नव्याने कंपाइल करणे. गणिताच्या कोडमध्ये जीसीसीपुरत्याच सोयी वापरल्या नसतील, तर हे काम एका दुपारचे आहे, आणि सादरीकरण जवळ आले असेल तर तेच करावे. परंतु तुम्ही कारण विचारले आहे. परीक्षकही तेच विचारतील, म्हणून ते नीट समजून घेऊ.

सी++ चे अधिकृत प्रमाण (स्टँडर्ड) भाषेचा अर्थ ठरवते. एखादी वस्तू मेमरीत कशी मांडायची, फंक्शनचे नाव ऑब्जेक्ट फाइलमध्ये कसे लिहायचे, एक्सेप्शन (चालताना आलेल्या चुकीची सूचना) फेकल्यावर ते कोणत्या रीतीने वर पोहोचवायचे, हे ते ठरवत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या नियमांना एबीआय म्हणतात. विंडोजवर सी भाषेपुरता हा करार जवळपास एकच आहे, कारण विंडोजची स्वतःची फंक्शनेच सीच्या रूपात उघडी केलेली आहेत आणि त्यांना हाक मारता यावी म्हणून प्रत्येक कंपायलरला तोच करार पाळावा लागतो. ६४-बिट विंडोजवर पहिले चार पूर्णांक किंवा पॉइंटर (मेमरीतील पत्ते) आरसीएक्स, आरडीएक्स, आर८ आणि आर९ या प्रोसेसरमधील रजिस्टरांतून जातात, हाक मारणारा स्टॅकवर (चालू फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत) ३२ बाइटांची जागा राखून ठेवतो, आणि हे जीसीसी व व्हिज्युअल सी++ (व्हिज्युअल स्टुडिओतील कंपायलर) दोघेही पाळतात. सी++ साठी मात्र दोघांचे करार वेगळे आहेत. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा आहे. जीसीसी इटेनियम प्रोसेसरच्या निमित्ताने तयार झालेले आणि पुढे इतर प्रोसेसरांवरही रूढ झालेले नियम पाळतो, आणि २००२ साली आलेल्या ३.२ आवृत्तीपासून त्याचा पाया तोच आहे.

आता लिंकरने दाखवलेली चूक पाहा. सी++ मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शने असू शकतात, म्हणून कंपायलर नावात पॅरामीटरांचे प्रकारही गुंफतो. याला नेम मँगलिंग म्हणतात. दोन पूर्णांक घेणारे ‘भरती’ नावाचे फंक्शन असेल, तर जीसीसी आधी अधोरेषा आणि झेड, मग नावातील रोमन अक्षरांची संख्या, मग ते नाव, आणि शेवटी प्रत्येक पूर्णांकासाठी एकेक ‘आय’ असे लिहितो. व्हिज्युअल सी++ तेच नाव प्रश्नचिन्हाने सुरू करतो, मधे ‘अ‍ॅट’ची चिन्हे घालतो, आणि हाक मारण्याची पद्धत व परत येणाऱ्या मूल्याचा प्रकारही त्यात नोंदवतो. मैत्रिणीचा लिंकर प्रश्नचिन्हाने सुरू होणारे नाव शोधत आहे, आणि तुमच्या फाइलमध्ये ते नावच नाही. फाइलचे शेपूट बदलल्याने आतली नावे बदलत नाहीत.

लिंकरने इथे अडवले, हे बरेच झाले असे मला मनापासून वाटते. नावे जुळली असती तर प्रोग्राम तयार झाला असता आणि चालताना कोसळला असता. तुमची फंक्शने स्टँडर्ड स्ट्रिंग परत देत असतील असे धरून उदाहरण देतो. ६४-बिटमध्ये जीसीसीच्या लायब्ररीतील स्ट्रिंग ३२ बाइटांची असते, आणि व्हिज्युअल सी++ च्या रिलीझ (प्रत्यक्ष वापरासाठीच्या) बांधणीतही ३२ बाइटांचीच असते. आकार सारखा असल्यामुळे मोजणाऱ्याची खात्री पटते. परंतु जीसीसीच्या स्ट्रिंगमध्ये पहिल्या आठ बाइटांत मजकुराचा पत्ता असतो, नंतर लांबी असते आणि शेवटी लहान मजकुरासाठी सोळा बाइटांची जागा असते. व्हिज्युअल सी++ मध्ये ही सोळा बाइटांची जागाच आधी येते आणि लांबी व क्षमता त्यानंतर. मजकूर लहान असेल तर एकाने पत्ता म्हणून लिहिलेले आठ बाइट दुसरा अक्षरे म्हणून वाचेल. डीबग (दोष शोधण्यासाठीच्या) बांधणीत तर व्हिज्युअल सी++ ची तीच स्ट्रिंग ४० बाइटांची होते, म्हणजे एकाच कंपायलरच्या दोन बांधण्याही एकमेकींना चालत नाहीत.

तुमच्या विषयात आणखी एक धोका आहे. अचूकतेसाठी भरतीच्या गणितात लाँग डबल हा दशांश आकड्यांचा मोठा प्रकार वापरण्याचा मोह होतो. जीसीसीमध्ये तो ८० बिटांचा असून ६४-बिट प्रोग्राममध्ये १६ बाइट जागा घेतो, तर व्हिज्युअल सी++ मध्ये तो साध्या डबलसारखाच आठ बाइटांचा असतो. सीमेवर डबलच वापरावा. पाण्याची उंची सेंटिमीटरपर्यंत सांगायला तो पुरून उरतो.

आपल्याकडच्या जुन्या प्रवाशांना एक गोष्ट आठवत असेल. कोकण रेल्वे येण्यापूर्वी गोव्याहून मुंबईला निघालेल्या माणसाला मिरजेला गाडी बदलावी लागे, कारण इकडचा मार्ग मीटर गेजचा आणि पुढचा ब्रॉड गेजचा होता. डबा पुढे जात नसे, माणसे आणि सामान पुढे जात असे. दोन कंपायलरांच्या सीमेवरही हेच करायचे असते. स्ट्रिंग, व्हेक्टर, क्लास हे डबे आहेत, ते आपापल्या रुळांवरच राहू द्यावेत, आणि पलीकडे फक्त आकडे, अक्षरे आणि त्यांची लांबी उतरवून द्यावी.

हे कोडमध्ये असे करतात. लायब्ररीच्या हेडर फाइलमध्ये बाहेर दिसणारी सर्व फंक्शने ‘एक्स्टर्न सी’च्या कंसात घ्यावीत, म्हणजे त्यांच्या नावांना मँगलिंग लागू होत नाही. तुमचा क्लास आत तसाच राहू द्यावा. बाहेर एक फंक्शन असावे, जे आत वस्तू तयार करून तिचा पॉइंटर एखाद्या खूणचिठ्ठीसारखा परत देते. व्हिज्युअल स्टुडिओतील भागाला त्या चिठ्ठीच्या आत काय आहे ते कधीही कळू नये. त्याने ती फक्त पुढच्या प्रत्येक हाकेत परत द्यावी. दुसरे फंक्शन ती चिठ्ठी, बंदर आणि वेळ घेऊन उंची देईल. महिन्याभराच्या वेळा हव्या असतील तर व्हेक्टर परत देऊ नये. हाक मारणाऱ्याने डबलची रांग आणि तिची लांबी द्यावी, लायब्ररीने ती भरावी आणि किती जागा भरल्या तो आकडा परत करावा. शेवटचे फंक्शन चिठ्ठी परत घेऊन वस्तू नष्ट करील. या प्रत्येक फंक्शनच्या आत सर्व एक्सेप्शने तिथेच पकडून त्या चुकीसाठी ठरवलेला क्रमांक परत द्यावा. जीसीसीने फेकलेले सी++ एक्सेप्शन व्हिज्युअल सी++ ला ओळखता येत नाही, आणि ते सीमा ओलांडू लागले तर प्रोग्राम बहुधा तिथेच संपतो.

यानंतर ‘.ए’ ही स्थिर लायब्ररी सोडून द्यावी आणि डीएलएल, म्हणजे प्रोग्राम चालताना जोडली जाणारी लायब्ररी, तयार करावी. ‘.ए’ म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींची मोळी असते, आणि त्या फाइलींना जीसीसीच्या स्वतःच्या मदतनीस फंक्शनांची गरज लागते. मोठी रांग स्टॅकवर ठेवली की स्टॅक तपासणारे फंक्शन लागते, ते याचे नेहमीचे उदाहरण. व्हिज्युअल स्टुडिओचा लिंकर ती कुठून आणणार? डीएलएलमध्ये हे सर्व आधीच जोडलेले असते आणि बाहेर फक्त तुम्ही उघडी केलेली नावे दिसतात. डीएलएल बांधताना जीसीसीच्या लिंकरला ‘आउटपुट डेफ’ हा पर्याय दिला की उघड्या नावांची ‘.डेफ’ फाइल मिळते. ती व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणाऱ्या ‘लिब’ या आज्ञेला द्यावी आणि मशीन एक्स६४ असे सांगावे, म्हणजे मैत्रिणीला हवी असलेली खरी ‘.लिब’ फाइल तयार होते. या ‘.लिब’मध्ये तुमचे गणित नसते, कोणते नाव कोणत्या डीएलएलमध्ये आहे एवढाच पत्ता असतो. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीच्या संकेतस्थळावरून विंडोजची तयार बांधणी उतरवून पाहा. त्यात डीएलएल आणि डेफ एवढ्याच दोन फाइली असतात, आणि ज्याने त्याने आपल्या कंपायलरची ‘.लिब’ करून घ्यायची असते. इतक्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीला ही पद्धत पुरते, ती तुमच्या प्रकल्पालाही पुरेल.

प्रश्न : माझ्या डीएलएलची सर्व फंक्शने ‘एक्स्टर्न सी’ आहेत आणि लिंकिंग व्यवस्थित होते. एक फंक्शन मॅलॉकने जागा घेऊन त्यात अहवालाचा मजकूर भरून देते, आणि मुख्य प्रोग्राम काम झाल्यावर फ्रीने ती जागा सोडतो. डीएलएल जीसीसीची आहे, प्रोग्राम व्हिज्युअल स्टुडिओचा. माझ्या संगणकावर आठवडाभर सर्व सुरळीत चालले. ग्राहकाच्या दुकानात मात्र प्रोग्राम दिवसातून दोनदा तरी बंद पडतो आणि हीप (प्रोग्राम मागेल तशी मिळणारी मेमरी) बिघडल्याचा संदेश येतो. (एक व्यावसायिक, मडगाव)

उत्तर : आपण हिशेब एका पेढीच्या वहीत लिहिला आणि तो दुसऱ्या पेढीच्या वहीतून खोडायला गेलात. मॅलॉक आणि फ्री ही ऑपरेटिंग सिस्टिमची फंक्शने नाहीत. ती सीच्या रनटाइम लायब्ररीची आहेत, आणि एका प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्राममध्ये, असे अनेक रनटाइम एकाच वेळी नांदू शकतात. मिंगडब्ल्यूची जुन्या वळणाची बांधणी एमएसव्हीसीआरटी या रनटाइम डीएलएलवर चालते. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून यूसीआरटी हा दुसरा रनटाइम वापरतो. प्रत्येकाची दिलेल्या जागेची नोंद वेगळी असते. चुकीच्या रनटाइमकडे जागा परत दिली की काय होईल हे कोणीच बांधून देत नाही. आठवडाभर काही झाले नाही, हा केवळ योग होता.

आता मिंगडब्ल्यूही यूसीआरटीवर बांधलेला मिळतो, आणि तो घेतला तर आपली आजची अडचण बहुधा दूर होईल. तरीही मी त्यावर विसंबू नये असे सांगेन. कोणी उद्या तोच प्रोग्राम व्हिज्युअल स्टुडिओत स्थिर रनटाइम जोडून किंवा डीबग बांधणीत तयार केला, की दोन वह्या पुन्हा वेगळ्या होतील, आणि तेव्हा कंपायलर बदलल्याचे निमित्तही उरणार नाही. मी स्वतः एकदा असाच दोष तीन दिवस शोधत बसलो होतो. दोन्ही बाजू व्हिज्युअल स्टुडिओच्याच आवृत्तीत बांधलेल्या होत्या, फक्त एक डीबग होती आणि दुसरी रिलीझ. कोड शंभरदा वाचूनही त्यात काही सापडले नाही, कारण दोष कोडमध्ये नव्हताच.

ज्या बाजूने जागा घेतली तिनेच ती सोडावी, हा नियम हेडर फाइलमध्येच लिहून ठेवावा. मजकूर देणाऱ्या फंक्शनशेजारी तो मजकूर सोडणारे फंक्शन त्याच डीएलएलमध्ये ठेवावे. एसक्यूलाइटमध्येही जागा सोडण्याचे स्वतःचे फंक्शन आहे, आणि तिने दिलेला संदेशाचा मजकूर त्यातूनच परत करायचा असतो. हाच नियम फाइल पॉइंटरालाही लागू आहे. प्रोग्रामने उघडलेल्या फाइलचा पॉइंटर डीएलएलला देऊ नये. फाइलचे नाव द्यावे आणि ती तिथेच उघडू व बंद करू द्यावी.

प्रश्न : आमच्या वजनकाट्याच्या यंत्रासोबत बऱ्याच वर्षांपूर्वी एक डीएलएल आणि फंक्शनांची छापील यादी मिळाली होती. हेडर नाही, ‘.लिब’ नाही, आणि देणाऱ्याने आता व्यवसाय बंद केला आहे. नवा प्रोग्राम आम्ही ६४-बिट जीसीसीमध्ये लिहून घेत आहोत, पण डीएलएल उघडताना १९३ क्रमांकाची चूक येते. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : १९३ हा क्रमांक पाहता आपली डीएलएल बहुधा ३२-बिट आहे. ६४-बिट प्रोसेसमध्ये ३२-बिट डीएलएल उघडत नाही, आणि कोणताही कंपायलर यातून सुटका करू शकत नाही. आपल्यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे पूर्ण प्रोग्राम ३२-बिट ठेवणे. दुसरी, आणि माझ्या मते बरी, म्हणजे डीएलएलशी बोलण्यापुरता एक छोटा ३२-बिट प्रोग्राम लिहिणे आणि त्याने वाचलेले वजन पाइपमधून (दोन प्रोग्रामांना जोडणाऱ्या वाहिनीतून) मुख्य प्रोग्रामला देणे.

त्या छोट्या प्रोग्रामसाठी ‘.लिब’ नसली तरी चालते, कारण जीसीसीचा लिंकर अनेकदा थेट डीएलएललाच जोडून घेऊ शकतो, आणि ते न जमल्यास लोडलायब्ररी व गेटप्रोकअ‍ॅड्रेस ही विंडोजची फंक्शने आहेतच. मात्र ३२-बिटमध्ये हाक मारण्याच्या पद्धती अनेक आहेत. सीडेकलमध्ये हाक मारणारा स्टॅक आवरतो, एसटीडीकॉलमध्ये हाक घेणारा आवरतो. दोघांनी वेगवेगळे धरले तर स्टॅक घसरतो आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो. उघडी नावे जीसीसीसोबतच्या ऑब्जडंपने पाहावीत. नावाच्या शेवटी ‘अ‍ॅट’चे चिन्ह आणि आकडा असेल तर ती पद्धत एसटीडीकॉल, आणि तो आकडा म्हणजे पॅरामीटरांचे एकूण बाइट. आकडा आठ असेल तर बहुधा चार-चार बाइटांचे दोन पॅरामीटर आहेत. छापील यादी खरी आहे की नाही, हे यावरून पडताळता येते. काही डीएलएल मात्र एसटीडीकॉल असूनही नावे उघडी करताना ही खूण काढून टाकतात, तेव्हा खूण नाही म्हणून ती सीडेकल असे धरू नये.

इतके करण्यापूर्वी एकदा यंत्राच्या मागे पाहावे. वजनकाट्याच्या दर्शकांना बहुधा सीरियल पोर्ट असतो आणि ते वजन साध्या अक्षरांत सतत पाठवत असतात. आपल्या दर्शकाच्या पुस्तिकेत बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) आणि ओळीचा साचा दिला असेल, तर डीएलएलची गरजच राहणार नाही, आणि पुढच्या वीस वर्षांतील कोणत्याही कंपायलरशी आपला काहीही वाद होणार नाही.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ आहे, काही विद्यार्थ्यांच्या घरी २०२२ आहे. त्यांनी घरून आणलेल्या लायब्ररी कधी जोडल्या जातात, कधी नाहीत. (एक प्राध्यापक, म्हापसा)

उत्तर : २०१५, २०१७, २०१९ आणि २०२२ या आवृत्त्यांच्या कंपायलरांनी आपसातील सुसंगती राखली आहे. त्यापूर्वी प्रत्येक मोठ्या आवृत्तीला ती तुटत असे. या सुसंगतीला अट आहे: शेवटचे लिंकिंग करणारी आवृत्ती सर्वांत नव्या लायब्ररीइतकी तरी नवी असली पाहिजे. म्हणून २०१९ ची लायब्ररी २०२२ मध्ये चालते, उलट चालेल याचा भरवसा नाही. पूर्ण प्रोग्रामचे ऑप्टिमायझेशन चालू ठेवून बांधलेल्या स्थिर लायब्ररींना तर ही सवलतही नाही. विद्यार्थ्यांना लायब्ररीऐवजी मूळ कोड आणायला सांगावे. शिक्षक म्हणून आपल्याला तो वाचायलाही मिळेल.

प्रश्न : मी लिनक्स वापरतो. तिथे जीसीसी आणि क्लँग यांच्या लायब्ररी सहज जुळतात. म्हणजे तिथे ही अडचण नाहीच असे समजावे का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : तिथे दोन्ही कंपायलर इटेनियमचेच नियम पाळतात आणि सहसा जीसीसीचीच स्टँडर्ड लायब्ररी वापरतात, म्हणून आपला अनुभव बरोबर आहे. क्लँगसोबत त्याची स्वतःची स्टँडर्ड लायब्ररी, लिबसी++, घेतली की मात्र स्ट्रिंग ६४-बिटमध्ये २४ बाइटांची होते आणि जीसीसीच्या लायब्ररीशी जुळत नाही. खुद्द जीसीसीनेही २०१५ साली पाचव्या आवृत्तीत स्ट्रिंगची मांडणी बदलली. त्याआधीची स्ट्रिंग अनेक प्रतींमध्ये एकच मजकूर वाटून घेत असे, आणि सी++११ च्या नियमांत ते बसत नव्हते. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून त्यांनी दोन्ही मांडण्या एकाच लायब्ररीत ठेवल्या, नव्या मांडणीच्या नावांत वेगळी खूण घातली आणि कंपाइल करताना जुनी निवडण्यासाठी एक मॅक्रो दिला. आपल्याला कधी न सापडलेल्या नावात ‘सीएक्सएक्स११’ ही अक्षरे दिसली, तर दोन बाजूंपैकी एक जुन्या मांडणीने बांधलेली आहे असे समजावे, आणि त्या मॅक्रोची किंमत दोन्हीकडे सारखी करून पुन्हा बांधावे.